आधी देखभाल लिही, मग रक्कम

प्रिय मुली,

तुझे दोन्ही प्रस्ताव वाचले. एक एस.टी. स्टँडपासून कन्याशाळेपर्यंतच्या सहाशे मीटर पदपथाचा, दुसरा गावाबाहेरून जाणाऱ्या चार किलोमीटर सायकल ट्रॅकचा. पहिला तू स्वतःच्या मनाने लिहिलास. दुसरा लिहिलास तो 'मोठं काहीतरी आणा, राज्याच्या माझी वसुंधरा अभियानात गुणही मिळतील' असं कुणीतरी कानात सांगितल्यावर. आता विचारतेस की यातला कुठला द्यायचा, कुठल्या योजनेत द्यायचा, आणि दोन्ही एकदम दिले तर चालेल का.

तुझा गोंधळ मला समजतो. नगरपरिषदेत एक जण म्हणतो जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून होईल, दुसरा म्हणतो आमदारांचं पत्र आणा, तिसरा वित्त आयोगाचं नाव घेतो. पण मी दोन्ही कागदांत एकच ओळ शोधत होते. बांधून झाल्यावर हे झाडणार कोण, तुटलेला बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवणारा खांब, पुन्हा बसवणार कोण आणि त्याचे पैसे कुठल्या लेखाशीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या कुठल्या सदरातून, निघणार? ती ओळ दोन्हीकडे नाही. ती येईपर्यंत कुठला प्रस्ताव आणि कुठली योजना या प्रश्नांना अर्थच नाही, म्हणून त्यांच्याकडे मी नंतर येते.

माझी सगळी नोकरी लेखा विभागात गेली. तिथे बसून एक गोष्ट रोज दिसायची. बाहेरून निधी येतो तो बहुतेक भांडवली खर्चासाठी, म्हणजे नवीन बांधायला. झाडलोट, दिव्याचं बिल, रंगाचा दुसरा हात, उखडलेला ब्लॉक हे सगळं महसुली खर्चात पडतं, आणि तो खर्च नगरपरिषदेने आपल्या घरपट्टीतून भागवायचा असतो. बांधायचे पैसे दिल्लीहून नाहीतर मुंबईहून येतात, झाडायचे गावातूनच निघावे लागतात. पहिल्यासाठी फीत कापली जाते. दुसऱ्यासाठी कुणी साधी टिपणीही लिहीत नाही. म्हणून ती टिपणी तुलाच लिहायची आहे, आणि प्रस्तावाच्या पहिल्या पानावर लिहायची आहे.

त्या पहिल्या पानावर सध्या तू 2022 मध्ये देशभरात रस्त्यांवर मेलेल्या 32,825 पादचाऱ्यांचा आकडा घातला आहेस. आकडा खरा आहे, भयंकर आहे. पण तुझी फाईल वाचणारा मुख्याधिकारी त्याने हलणार नाही, कारण त्याच्या गावासाठी त्यातून काहीच निघत नाही. तो आकडा मागे ने.

पुण्यात काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल, तू तेव्हा शाळेत असशील. डिसेंबर 2005 मध्ये जेएनएनयूआरएम, म्हणजे शहरांच्या नूतनीकरणाची केंद्राची योजना, सुरू झाली. पुण्यासारख्या शहराला केंद्राचे 50 टक्के, राज्याचे 20 आणि महापालिकेचे 30 असा वाटा होता. वर्षभरात कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेतली बस, धावू लागली आणि त्याच पैशातून रस्त्याच्या कडेने सायकल ट्रॅक आले. सायकलींचं शहर म्हणून ज्याचं नाव, तिथे सायकलीसाठी सरकारचा पैसा आला होता. आम्ही किती हरखलो होतो! त्या ट्रॅकचं पुढे काय झालं ते आज कुणीही जाऊन बघावं. कुठे मधोमध विजेचा डीपी, कुठे बसथांबा, कुठे दुचाक्यांची रांग. तज्ज्ञ म्हणतात आराखडा चुकला, आणि तो चुकला होताच. पण जे तुकडे नीट बांधले होते तेही गेले. ते का गेले हे मला आराखड्यातून कळलं नाही, झाडणाऱ्या बाईकडून कळलं.

सकाळची वेळ होती. ती रस्ता झाडून पाचोळ्याचे ढीग थेट सायकल ट्रॅकवर लावत होती. मी विचारलं, इथेच का? ती म्हणाली, "रस्त्यावर ढीग लावला की गाड्यांच्या वाऱ्याने उडतो. फुटपाथवर लावला की दुकानदार ओरडतो. ही पट्टी रिकामी असते, कचऱ्याची गाडी येईपर्यंत ढीग इथे राहतो." मग मी तिच्या आरोग्य कोठीवर, म्हणजे सफाई कामगारांची हजेरी होते तिथे, गेले. मुकादमाने हजेरीचं रजिस्टर दाखवलं, कुठली बाई कुठून कुठपर्यंत झाडते ते. त्यात रस्ता होता, पदपथ होता. सायकल ट्रॅक कुणाच्याच हद्दीत नव्हता. झाडणाऱ्या यांत्रिक गाडीला बोलार्डमधून आत शिरता येत नव्हतं आणि हातझाडूला तो नेमून दिलेला नव्हता. केंद्र, राज्य आणि महापालिका असा तिघांचा पैसा ओतून बांधलेली वस्तू कोठीच्या रजिस्टरमध्ये नव्हतीच. तेव्हापासून मी कुठलाही प्रस्ताव हातात घेतला की आधी हेच विचारते आणि लोकांना माझा कंटाळा येतो. येऊ दे.

2017 च्या अखेरीस पुण्यात भाड्याच्या सायकली आल्या, मोबाइलवर कुलूप उघडायच्या. दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या. त्याच सुमारास 800 किलोमीटरहून मोठ्या जाळ्याचा सायकल आराखडाही मंजूर झाला. आराखडा चांगला आहे, आणि एवढ्या लांबीचं ऐकलं की मला आधी एवढ्या लांबीचा झाडू आठवतो.

आता तुझ्याच गावाकडे बघ. तुझा तालुका राज्याच्या मानव विकास कार्यक्रमाच्या 125 तालुक्यांत आहे, म्हणजे आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी 5,000 रुपये मिळतात. ही योजना मला मनापासून आवडते. बिहारमध्ये 2006 पासून मुलींना सायकली दिल्या, तेव्हा माध्यमिक शाळेतला मुलींचा प्रवेश सुमारे तिसऱ्या हिश्शाने वाढल्याचं अभ्यासात दिसलं. पण तूच लिहिलं आहेस की कन्याशाळेच्या शेडमध्ये कित्येक सायकली पंक्चर होऊन उभ्या आहेत, कारण पंक्चरवाला स्टँडपलीकडे बसतो आणि मुलींना तिथे थांबायला नको वाटतं. हे तू ओघात लिहून गेलीस. तुझ्या सगळ्या कागदांतलं सर्वांत मोलाचं वाक्य ते आहे. सायकलीला पैसे मिळाले, ट्यूबला नाही मिळाले. पदपथाच्या प्रस्तावात शेडच्या कोपऱ्यात हवा भरायचा पंप आणि आठवड्यातून दोनदा येणारा दुरुस्तीवाला घाल. त्याचं मानधन शाळा समिती देणार की नगरपरिषद, तेही लिही.

तुझं एक वाक्य मात्र वाचून मी चिडले. 'आधी मंजूर तर होऊ दे, देखभालीचं नंतर बघू.' नंतर कोण बघणार? मंजुरीआधी तुझं ऐकायला सगळे बसतात, कारण त्यांना तुमच्या संस्थेचं पाठिंब्याचं पत्र हवं असतं. प्रशासकीय मान्यता मिळाली, कार्यारंभ आदेश निघाला की तुझं पत्र फाईलच्या तळाशी जातं. मग ठेकेदार, अभियंता आणि मोजमाप पुस्तिका. दोष दायित्व कालावधीत ठेकेदाराने दुरुस्ती करायची असते हे खरं, पण ती बांधकामातल्या दोषांची. रोजचा केर हा दोष नव्हे, आणि दुचाकीवाल्याने वाकवलेला बोलार्ड ठेकेदार आपल्या माथी घेत नाही. तुझ्या हातात जे काही आहे ते मंजुरीपर्यंतच आहे. ते वापर.

नियमही तुझ्या बाजूने आहेत, फक्त ते कुणी वाचत नाही. खासदार निधीच्या मार्गदर्शक सूचनांत सरळ म्हटलं आहे की कामाला मंजुरी देण्याआधी वापरणाऱ्या यंत्रणेकडून देखभालीची ठाम हमी घ्यावी. मी पाहिलेली बहुतेक हमीपत्रं दोन ओळींची, गावाचं नाव बदलून पुन्हा वापरलेली. तुझं हमीपत्र तसं नको. त्यात पदनाम हवं, लेखाशीर्ष हवं आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावाचा क्रमांक हवा. सभा अस्तित्वात नसेल तर प्रशासकांचा ठराव. फेब्रुवारीत नगरपरिषदेचं अंदाजपत्रक होतं, त्याच्या आधी तो ठराव झाला तर देखभालीची तरतूद त्यात बसते. नाहीतर वर्ष गेलं.

रकमेचं सांगते, कारण तू तिथेच अडकली आहेस. वित्त आयोगाच्या निधीतला मोठा वाटा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला असतो, उरलेल्यातून सगळं गाव मागत असतं. जिल्हा नियोजनकडे पालकमंत्र्यांचा कल बघावा लागतो. आमदार निधी लवकर मिळतो, पण तिथे फलक आधी ठरतो. सहाशे मीटरचं काम यातल्या कशातूनही होऊ शकतं, आणि हवं तर दोन टप्प्यांत होऊ शकतं. पुण्यात 2006 पासून नागरिकांना क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन अंदाजपत्रकात कामं सुचवता येतात. त्यात एका कामाला पाच लाखांची मर्यादा, त्यामुळे मोठी स्वप्नं बघणारे तिकडे फिरकत नाहीत. पण त्यातून झालेले काही पदपथाचे तुकडे अजून चालण्याजोगे आहेत, कारण ते मागणारा माणूस समोरच्याच इमारतीत राहतो आणि लादी हलली की कार्यालयात जाऊन उभा राहतो.

तुझ्या चार किलोमीटरच्या समोर कोण राहतं? मी नकाशा बघितला. शेतं, एक गोदाम आणि पेट्रोल पंप. तिथे कोण तक्रार करणार?

आता जरा माझं सांगते, कारण तुला ते दुसऱ्या कुणाकडून वेगळ्या शब्दांत कळेल. आमच्या गटाकडेही एकदा मोठा निधी चालून आला होता, नाल्याकाठच्या ट्रॅकसाठी. सगळं तयार होतं. देखभालीचं परिशिष्ट तेवढं कोरं होतं आणि 'सही करा, ते भरून घेऊ' असं सांगण्यात आलं. मी सही केली नाही. मार्चअखेर आली, निधी दुसऱ्या कामाकडे वर्गीकरण होऊन गेला. गट फुटला. माझी एक जवळची मैत्रीण, जिच्यासोबत मी अर्धं पुणं पायी मोजलं होतं, ती त्यानंतर बोलेनाशी झाली. तिचं म्हणणं होतं की काहीच नसण्यापेक्षा अर्धंमुर्धं बरं, आणि माझ्या हट्टापायी मुलांचा रस्ता गेला. तिच्या जाण्याची खंत मला आजही आहे. सही न केल्याची नाही. कारण उखडलेला, गवत माजलेला ट्रॅक नुसता पडून राहत नाही, तो पुढच्या प्रत्येक प्रस्तावाविरुद्ध साक्ष देतो. 'दिला होता ना ट्रॅक, कुणी वापरला?' हे वाक्य मी इतक्या बैठकांत ऐकलं आहे की ते म्हणणाऱ्याचा चेहरा बघायचीही गरज पडत नाही. न झालेला ट्रॅक पुन्हा मागता येतो. वाया गेलेला ट्रॅक मागणाऱ्याचं तोंडच बंद करतो. मैत्रिणीने हे तेव्हा ऐकून घेतलं असतं तर तिला पटलं असतं, असं मी अजून धरून आहे.

म्हणून पदपथाचा प्रस्ताव दे. ट्रॅकचा बाजूला ठेव.

पण देण्याआधी एक कर. 2020 मध्ये केंद्राने सायकलींसाठी शहरांची स्पर्धा घेतली होती, नागपूर आणि पिंपरी-चिंचवड तिच्यातल्या पहिल्या 11 शहरांत आली. त्यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे शहरांना आधी रंग आणि शंकू वापरून तात्पुरती चाचणी करायला सांगितलं होतं. तूही शाळा सुटायच्या वेळेला आठवडाभर दोरी आणि शंकू लावून सहाशे मीटर अडवून बघ. पोलिसांचं आणि नगरपरिषदेचं लेखी पत्र घेऊनच. किती मुली चालल्या ते मोज, पण त्याहून जास्त लक्ष याकडे दे की शंकू कुणी हलवले, कुठून रिक्षा आत शिरली, केर कुठे साठला. पक्क्या बांधकामानंतर पैसा तिथेच लागणार आहे. तीच तुझ्या देखभालीच्या तक्त्याची सुरुवात.

स्टँडबाहेरच्या भाजीवाल्या मावशींना 'अतिक्रमण' म्हणून खोडून टाकलं आहेस, ते बदल. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना संरक्षण आहे, नगर पथविक्रेता समितीशी बोलल्याशिवाय त्यांना हलवता येणार नाही. आणि त्या आपल्या पुढ्यातली जागा रोज स्वतः झाडतात. त्यांना जागा आखून दे, मग त्या तुकड्याची काळजी तुला करावी लागणार नाही. चालायला मोकळी रुंदी मात्र 1.8 मीटरपेक्षा कमी होऊ देऊ नकोस, इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका किमान तेवढीच सांगते. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये पदपथाचा हक्क घटनेच्या कलम 21 मध्ये येतो असं म्हटलं आहे. अपंगांनाही तो पदपथ वापरता यायला हवा, हेही त्यात आहे. हा संदर्भ दुसऱ्या पानावर घाल. पहिलं पान कशासाठी आहे ते आता सांगायला नको.

सोमवारी सकाळी तुमच्या आरोग्य निरीक्षकाला भेट, मुकादमालाही भेट, आणि हजेरीच्या रजिस्टरमध्ये तो रस्ता कुणाकडे आहे ते बघून मला कळव. झाडणाऱ्या बाईंचं म्हणणं जसंच्या तसं लिहून पाठव, तुझी भाषा त्यात घालू नकोस. मग कनिष्ठ अभियंत्याकडून अंदाजपत्रक दुरुस्त करून घे. त्याने जिल्हा दरसूचीतले दर बरोबर लावले आहेत, पण जुन्या चेंबरची झाकणं नव्या पदपथाच्या पातळीला उचलून घेण्याची बाब धरलेलीच नाही, आणि त्या सहाशे मीटरमध्ये तुझ्याच फोटोंत मला पाच चेंबर दिसतात.

तुझी,
काकू