पशुवैद्यकाचा दवाखाना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : कागल तालुक्यात मी गेल्या वर्षी स्वतःचा पशुवैद्यकीय दवाखाना सुरू केला. रात्री-अपरात्री गोठ्यावर बोलावणे येते आणि मी जातो. परंतु उधारी वाढत चालली आहे. जनावर दगावले की फी तर बुडतेच, वर ‘डॉक्टरांनी बाटली लावली आणि म्हैस गेली’ असा बोभाटा होतो. यावर काय करावे?
— एक पशुवैद्यक

उत्तर : आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. उपचारापूर्वी मालकाशी जे बोलणे व्हायला हवे ते होत नाही, आणि झाले तरी कागदावर उतरत नाही. समोर जनावर आडवे पडलेले असताना धोक्याची आणि पैशाची भाषा करणे जड जाते हे खरे. तरीही ती त्याच वेळी करावी लागते, कारण जनावर गेल्यानंतर सांगितलेली प्रत्येक गोष्ट मालकाला सबब वाटते.

दुग्धज्वराचे, म्हणजे व्यायल्यानंतर रक्तातील कॅल्शियम घटून होणाऱ्या आजाराचे, उदाहरण घ्या. नुकतीच व्यालेली म्हैस बसते, मान कुशीकडे वळवते, तिचे कान गार पडतात. तिला कॅल्शियम शिरेतून द्यावे लागते, आणि ते वेगाने गेले तर हृदयाची लय बिघडून जनावर जागच्या जागी कोसळू शकते. हे आपल्याला ठाऊक असते, पण बॅटरी धरून शेजारी उभ्या असलेल्या मालकाला ते ठाऊक नसते. म्हणून सुई टोचण्याआधी त्याला स्पष्ट सांगा, की हे औषध दिले नाही तर म्हैस वाचणे कठीण आहे, आणि देतानाही काही धोका आहे. थंडीच्या दिवसांत बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी ऊबदार करून घ्या. बाटली धरायला मालकाच्याच हाती द्या, आपला एक हात नळीच्या चिमट्यावर ठेवा, स्टेथोस्कोप छातीवरून हलवू नका आणि ४५० मिलिलिटरची बाटली संपायला निदान दहा-पंधरा मिनिटे लागू द्या. ठोके अडखळले की धार थांबवा आणि का थांबवली तेही बोलून दाखवा. जो मालक ही सारी काळजी डोळ्यांनी पाहतो, तो सहसा बोभाटा करत नाही. म्हैस उठली तरी ती पुन्हा बसू शकते, हे निघण्यापूर्वी सांगायला विसरू नका.

हे सारे दुप्रती पुस्तकात लिहा. तारीख आणि वेळ, जनावराच्या कानातील बारा अंकी बिल्ल्याचा क्रमांक, ताप, निदान, औषध व त्याची मात्रा, सांगितलेला धोका, ठरलेली फी आणि खाली मालकाची सही, एवढे पुरे. एक प्रत त्याला द्या, त्यावर राज्य पशुवैद्यक परिषदेकडील आपला नोंदणी क्रमांक असू द्या. पुढे विम्याचा दावा उभा राहिला, तर शवविच्छेदनाच्या दाखल्याइतकाच हा कागदही मालकाच्या उपयोगी पडतो.

उधारीबद्दल थोडक्यात सांगतो. दिवसाची आणि रात्रीची फी दवाखान्यात ठळक लिहून लावा. आपल्या भागात दूध संस्थेचे बिल बहुधा दहा दिवसांनी निघते, तेव्हा उधारीची मुदत पुढच्या बिलापर्यंतच ठेवा आणि ती तारीख कागदावर घाला. ज्याची खरोखर ऐपत नाही, त्याची फी ‘माफ’ म्हणून लिहा. ती उधारीत धरून वर्षभर मनात कडवटपणा बाळगू नका.

आपण विचारले नसले तरी एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. दगडीसाठी, म्हणजे कासेच्या सुजेसाठी, सडात प्रतिजैविक सोडल्यावर दूध किती दिवस संस्थेत घालायचे नाही, हे त्याच कागदावर लिहा. औषधाच्या वेष्टनावर मुदत दिली नसेल, तर नियमाप्रमाणे दुधासाठी किमान सात दिवस धरावे लागतात. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर आजही लोक समोर पिळलेले धारोष्ण दूध उभ्या उभ्या पितात. त्या पेल्यात औषधाचा अंश जाऊ न देणे ही पशुवैद्यकाची जबाबदारी आहे, आणि मालकाचे नुकसान होते म्हणून ती सोडून देता येणार नाही.

प्रश्न : मी कोल्हापूर शहरात कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करते. जनावर धरताना ओरखडे, चावे नेहमीचेच आहेत. वापरलेल्या सुया मी टोपण लावून कचऱ्याच्या डब्यात टाकते. डॉक्टर चांगले आहेत. पण मी स्वतःसाठी काय मागावे, हे मला समजत नाही.
— एक वाचक भगिनी

उत्तर : सर्वप्रथम रेबीजची प्रतिबंधक लस मागा आणि ती मागताना संकोच करू नका. चावा होण्याआधीच पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि त्यानंतर एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी अशा तीन मात्रा घेतल्या जातात. या कामात असलेल्या प्रत्येकाला ही लस हवी आणि तिचा खर्च दवाखान्याने करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. लस घेतलेली असली तरी प्रत्येक चाव्यानंतर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आधीच्या तीन मात्रा झालेल्या असल्या तरी चाव्यानंतर आणखी दोन मात्रा लागतात.

सुईला टोपण लावणे आजपासून थांबवा. हाताला सुई टोचण्याचा मोठा धोका नेमका त्याच क्षणी असतो. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम पशुवैद्यकीय दवाखान्यांनाही लागू आहेत. सुया व पाती पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, प्लॅस्टिकच्या नळ्या आणि सुई काढलेल्या सिरिंजा लाल पिशवीत, काचेच्या बाटल्या निळ्या खोक्यात, तर रक्ताचे बोळे व काढलेले अवयव पिवळ्या पिशवीत टाकावेत. कधी गोठ्यावर सोबत जावे लागले आणि वार (व्यायल्यावर पडणारे गर्भाचे वेष्टन) काढण्याचे काम असले, तर खांद्यापर्यंतचे हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका. गर्भपात झालेल्या जनावराच्या वारेतून ब्रुसेलोसिस हा जिवाणूंचा आजार माणसाला होतो, आणि त्याचा ताप महिनोन् महिने पाठ सोडत नाही.

प्रश्न : शिरोळ तालुक्यात माझा दवाखाना नदीकाठच्या गावात आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर प्रत्येक पावसाळ्यात लसींची चिंता वाटते.
— एक पशुवैद्यक

उत्तर : घटसर्प आणि फऱ्या या गाई-म्हशींच्या रोगांचे लसीकरण पावसाळ्यापूर्वीच उरकायचे असते, त्यामुळे जुलैत फ्रीजमध्ये लसींचा मोठा साठा असण्याचे कारणच नाही. जो साठा राहील तो दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवा. वीज गेली की फ्रीज उघडू नका, आणि लस हलवावी लागली तर बर्फाच्या पेटीत ती बर्फाला थेट टेकू देऊ नका, कारण लाळ्या-खुरकूत, घटसर्प आणि रेबीजच्या लसी गोठल्या तर निकामी होतात. गोठलेली लस पातळ झाल्यावर दिसायला ठीक वाटली तरी टोचू नका. नोंदवह्यांच्या पानांची छायाचित्रे दर आठवड्याला काढून ती गावाबाहेरच्या एखाद्या नातेवाइकाच्या फोनवरही पाठवून ठेवा.