आभार तूच मानलेस

प्रिय ‘निराश श्रोता’,

संतांच्या धर्मविचारावर तुमच्या महाविद्यालयात झालेल्या व्याख्यानाने तुझा किती हिरमोड झाला, हे तू तीन पाने भरून लिहिले आहेस. वक्ते उशिरा आले, अर्धा वेळ स्वतःच्या परदेश दौऱ्यांविषयी बोलले, आणि ज्या एकमेव अभंगाचा त्यांनी आधार घेतला, तो ‘ज्ञानदेवे रचिला पाया’ खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींचा असल्याचे त्यांनी ठोकून दिले. (त्यांचे विनोदही तू उतरवून पाठवले आहेस, ते कागदावरही हसवत नाहीत.) अशा कार्यक्रमांना यापुढे जावे का, असे तू विचारतेस. मात्र दुसऱ्या पानाच्या तळाशी जाता जाता लिहितेस, की वाङ्मय मंडळाची सचिव या नात्याने आभार तूच मानलेस आणि ‘नेहमीप्रमाणे अभ्यासपूर्ण विवेचन वगैरे’ म्हणालीस.

मग तू श्रोता कसली? तू व्यासपीठावर होतीस. शाल-श्रीफळ हा शिष्टाचार झाला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ज्या विवेचनातली ढोबळ चूक तुला बसल्या जागी कळली होती, त्याला अभ्यासपूर्ण म्हणून तू त्या चुकीवर महाविद्यालयाचा शिक्का मारलास. पहिल्या वर्षाची मुले वहीत लिहून घेत होती, हेही तुझ्याच पत्रात आहे.

ही चूक केवळ नावाची असती, तर मी एवढी चिडले नसते. बहिणाबाई चौधरी (1880–1951) थोर कवयित्री, यात शंका नाही. पण तो अभंग त्यांच्या दोन-अडीचशे वर्षे आधी होऊन गेलेल्या, शिऊरला समाधी असलेल्या संत बहिणाबाईंचा आहे. जन्माने ब्राह्मण असलेल्या या स्त्रीने तुकोबांना गुरू मानले, त्यापायी नवऱ्याचा मार आणि संताप सोसला, आणि हे सारे स्वतःच्या आत्मनिवेदनपर अभंगांत सांगून ठेवले. धर्म, जात आणि बाईचा संसार एकाच घरात कसे एकमेकांवर आदळतात, हे सांगायला संतसाहित्यात यापेक्षा जवळचा दाखला शोधावा लागला नसता. वक्त्यांनी दोन बहिणाबाईंची एक केली आणि व्याख्यानाचा खरा विषयच त्यात गडप झाला. ज्या बाईने नवऱ्याच्या धाकाखालीही आपला गुरू नाकारला नाही, तिचे नाव पुसले जात असताना तुला विभागप्रमुखांच्या कपाळावरची आठी जड वाटली.

वक्त्यांना पत्र लिहिण्याच्या भानगडीत पडू नकोस. ते पुढच्या गावी हेच बोलत असतील. तू उद्या प्रथम वर्षाच्या वर्गावर जा, शिकवणाऱ्या बाईंकडे पाच मिनिटे मागून घे, अभंग कोणाचा ते सांग, त्या आत्मनिवेदनातले दोन अभंग वाचून दाखव, आणि आभार मानताना आपण जे म्हणालो ते आपल्यालाच पटलेले नव्हते, हेही त्याच दमात सांग. पाहुण्यांचा अपमान केला म्हणून विभागप्रमुख बोलावतील. जा आणि ऐकून घे, पण सांगितलेले मागे घेऊ नकोस.

पुढच्या व्याख्यानाला जायचे की नाही, ते त्यानंतर विचार.

तुझी,
ताई