वाचकांचे प्रश्न : ‘ते आपल्याबद्दल बोलत नाहीत’

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २५ वर्षांपूर्वी न्यू जर्सीत गेला आणि आता तो तिथला नागरिक आहे. २०१६ पासूनच्या तिन्ही निवडणुकांत त्याने डोनाल्ड ट्रम्प यांना मत दिले. स्थलांतरितांविषयी इतके कठोर बोलणाऱ्या उमेदवाराला स्थलांतरितानेच मत द्यावे, हे बसल्या फांदीवर घाव घालण्यासारखे नाही का? विचारले की तो एवढेच म्हणतो, “ते आपल्याबद्दल बोलत नाहीत.”

उत्तर : आपल्या भावाने उडवाउडवी केली असे आपल्याला वाटले असेल, पण त्याच्या त्या एका वाक्यात बराच उलगडा आहे. १६ जून २०१५ रोजी न्यू यॉर्कच्या ट्रम्प टॉवरमध्ये उमेदवारी जाहीर करताना ट्रम्प यांनी मेक्सिकोतून येणाऱ्यांचा संबंध अमली पदार्थ आणि बलात्कार यांच्याशी जोडला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुसलमानांना अमेरिकेत प्रवेश बंद करावा अशी मागणी केली. ही भाषणे सगळ्याच स्थलांतरितांनी ऐकली, मात्र प्रत्येकाने ती आपल्या हातातल्या कागदानुसार ऐकली. ज्याच्याकडे नागरिकत्व आहे, त्याला ती सीमा ओलांडून आलेल्यांविषयी वाटली. ज्याच्या घरात एक जण कागदांविना राहतो, त्याला ती आपल्या स्वयंपाकघराविषयी वाटली.

शिवाय मत कोण देतो, हेही पाहावे लागेल. ग्रीन कार्ड, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना, मिळाल्यावर साधारणपणे पाच वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, आणि रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांत एका देशाला साधारणतः ७ टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीयांची प्रतीक्षा अनेक वर्षांची, काहींच्या बाबतीत दशकांची असते. म्हणजे मतपेटीपर्यंत पोहोचतो तो बहुधा ही सगळी रांग संपवून आलेला माणूस. “आम्ही नियमाने रांगेत उभे राहिलो” या वाक्यात अभिमान असतो तसाच साचलेला संतापही असतो, आणि सीमेवर कडक धोरण हवे असे म्हणणाऱ्या उमेदवाराला तो नेमका सापडतो. (अकुशल कामगाराला उभे राहता येईल अशी रांग अमेरिकेच्या कायद्यात जवळजवळ नाही, हे मात्र रांगेचा दाखला देणारे सहसा विसरतात.)

आत शिरलेला माणूस दार लावून घेतो, असे अशा मतदारांविषयी म्हटले जाते. मला ते अर्धेच खरे वाटते, कारण अनेकांच्या लेखी स्थलांतर हा मतदानाचा मुख्य मुद्दाच नसतो. करांचा बोजा, धंद्यावरचे निर्बंध, नामवंत विद्यापीठांत प्रवेश देताना वंशाचा विचार व्हावा की नाही, अशा गोष्टी त्यांना अधिक जवळच्या असतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये न्यू जर्सीतल्याच एडिसन येथे रिपब्लिकन हिंदू कोअलिशनच्या कार्यक्रमात ट्रम्प यांनी हिंदूंची भरभरून स्तुती केली, आणि पाठोपाठ ‘अब की बार ट्रम्प सरकार’ ही जाहिरातही आली. आजवर मेक्सिकन आणि मुसलमान यांना बोल लावणारा नेता आपल्याला मात्र जवळ करतो, याचे अनेकांना अप्रूप वाटले. हे अप्रूप मला स्वतःला फारसे शोभणारे वाटत नाही, पण ते होते हे नाकारून आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही.

तरीही आपला भाऊ बहुमतात नाही. २०२४ मध्येही भारतीय वंशाच्या मतदारांतील बहुसंख्य डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूने होते. अंतर कमी झाले, ते मुख्यतः तरुण पुरुषांमुळे.

प्रश्न : स्पॅनिश बोलणाऱ्यांवर सर्वाधिक टीका होऊनही त्यांच्यात ट्रम्प यांची मते वाढली कशी?

उत्तर : मतदानोत्तर पाहण्यांनुसार २०१६ मध्ये ट्रम्प यांना लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांच्या, मतांपैकी सुमारे २८ टक्के मिळाली होती, ती २०२४ मध्ये ४६ टक्क्यांच्या आसपास गेली. टेक्ससच्या सीमेवरील स्टार काउंटीत जवळजवळ सगळी वस्ती लॅटिनो आहे. २०२४ मध्ये, १८९२ नंतर प्रथमच, तिथे अध्यक्षपदाचा रिपब्लिकन उमेदवार जिंकला. तिथली कित्येक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या अमेरिकी आहेत, कोणाचा मुलगा सीमा गस्ती दलातच नोकरीला आहे, आणि २०२४ मध्ये त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न महागाईचा होता.

याच्या उलट कॅलिफोर्नियाचे उदाहरण आहे. १९९४ मध्ये तिथे कागद नसलेल्यांना, त्यांत मुलांनाही, सरकारी शाळा आणि तातडीची नसलेली वैद्यकीय सेवा नाकारणारा ‘प्रस्ताव १८७’ मतदानाने संमत झाला. न्यायालयाने तो काही दिवसांतच रोखला. पण त्यानंतरच्या वर्षांत लाखो लॅटिनोंनी नागरिकत्वाचे अर्ज भरले आणि ते राज्य रिपब्लिकन पक्षाच्या हातून निसटत गेले. मला फरक दिसतो तो इतकाच, की तिथे भाषण कायद्याच्या रूपाने थेट मुलाच्या शाळेपर्यंत पोहोचू पाहत होते. नुसत्या शब्दांना माणूस दुसऱ्याच्या अंगणात ढकलू शकतो.

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई दोघेही डॅलसला एच-वन-बी, म्हणजे कुशल कामगारांच्या तात्पुरत्या, व्हिसावर आहेत. तिथेच स्थायिक झालेले तिचे काका म्हणतात, कायदेशीर लोकांना काही भीती नाही. हे खरे आहे का?

उत्तर : काकांपुरते पुष्कळसे खरे आहे. मुलीपुरते तितकेसे नाही. २० जानेवारी २०२५ रोजी, ट्रम्प यांच्या पदग्रहणाच्याच दिवशी, जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाविषयी जो आदेश निघाला, त्यात कागद नसलेल्यांबरोबर तात्पुरत्या व्हिसावर कायदेशीरपणे राहणाऱ्यांची मुलेही होती. आई तशा व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर मुलाला नागरिकत्व नाही, असा त्याचा आशय होता. खालच्या न्यायालयांनी त्याची अंमलबजावणी रोखली, कारण अमेरिकेत जन्मलेल्यांना नागरिकत्व देणारी १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती आड येते. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये याच व्हिसावरून ट्रम्प यांच्या समर्थकांत जाहीर भांडण झाले होते आणि त्यात भारतीयांविषयी जे लिहिले गेले, ते वाचून कट्टर पाठीराखेही चपापले होते.

आपल्या मुलीचे नागरिकत्वाचे प्रश्न तिने काकांना नव्हे, तर कंपनीच्या आणि शक्य असल्यास स्वतःच्या वकिलाला विचारावेत. काकांनी ही रांग ज्या वर्षी संपवली, त्या वर्षीचे नियम आता राहिलेले नाहीत.