तुझ्या अकरा लोकेशन्सबद्दल

काल रात्री पावणेबाराला तुझा व्हॉइस मेसेज आला, तीन मिनिटं बावीस सेकंदांचा, आणि सकाळी चहा घेताना मी तो परत ऐकला. "काका, अकरा जागा बघितल्या, सगळ्याच भारी आहेत आणि एकपण फायनल होईना." मागनं तुझी आई ओरडतीय झोप आता म्हणून. लगेच फोन करणार होतो पण फोनवर मी चिडतो हे तुला माहितीय, म्हणून लिहितोय. लिहितानाही चिडेन बहुतेक.

कॉलेजसाठीचा तुमचा भीतीचा ट्रेलर दीड मिनिटाचा. शूट दोन दिवस. पाच पोरं, एक कॅमेरा, एक मोपेड, आणि कुणाच्यातरी पप्पांची गाडी मिळाली तर मिळाली. आणि लोकेशन्स अकरा! अगं दोन दिवसांत अकरा जागा म्हणजे तू शूटिंग नाही करणार, सामान भरणार आणि उतरवणार.

यादीवरून कळतं की प्रत्येक जागी उभी राहून तू स्वतःला एकच विचारत होतीस, इथं भीती वाटते का. हा प्रश्न विचारायचाच नाही. भीती अँगलनं आणि आवाजानं तयार होते, जागा फुकटात काही देत नाही. मी बावीस वर्षं जागा बघतोय आणि माझा प्रश्न एकच असतो. इथं परत येता येईल का? म्हणजे उद्या, परवा, पंधरा दिवसांनी, एकच शॉट हललाय म्हणून, तेवढ्यासाठी, त्याच वेळेला. येत असेल तर ते लोकेशन. नाहीतर तो पिकनिक स्पॉट आहे, जा, फोटो काढ, भजी खा, ये घरी.

आता यादी घेऊ.

पन्हाळा, अंधारबाव. मान्य, तीन मजली बाव, काळा दगड, खाली पाणी, वरनं एक उजेडाची तिरीप, कॅमेरा नुसता ठेवला तरी फ्रेम होते. पण पन्हाळा पुरातत्त्व खात्याकडं आहे आणि जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत जे बारा किल्ले गेले त्यातला तो एक. शूटिंग करायचं तर अर्ज, फी, आणि परवानगी ठरलेल्या तारखेची. ती तारीख पावसात गेली तर? शिवाय पावसाळ्यातलं पन्हाळ्याचं धुकं मी चांगलं ओळखतो, ते तुझ्या मास्टर शॉटला, म्हणजे सगळी जागा दिसते त्याला, असतं आणि चेहऱ्याच्या क्लोजला नसतं. मग एडिटला पोरगी एका शॉटमध्ये धुक्यात आणि दुसऱ्यात लख्ख उन्हात. परत जाशील? त्याच धुक्यात? नाही ना. खोड ते.

पंचगंगा घाट. तू बघितलास तेव्हा जून लागत होता, दगडी पायऱ्या, दीपमाळा, छान. अगं पण तू कोल्हापूरची आहेस ना? राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा पातळी आणि ४३ ला धोका, हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ असतात. आज एक शॉट घेतलास आणि दुसऱ्यासाठी तीन आठवड्यांनी गेलीस तर तुझ्या पायऱ्याच पाण्याखाली असतील. नदीला कंटिन्यूइटी, म्हणजे शॉटला शॉट जुळला पाहिजे हे, कळत नाही.

शाहू मिल. १९०६ ची, शाहू महाराजांनी काढलेली, ती चिमणी बघितली की आमच्या पिढीच्या पोटात अजून काहीतरी होतं, पण सरकारी जागा, रीतसर परवानगी, तुमच्या सबमिशनच्या आत कागद फिरून येईल असं मला वाटत नाही. रंकाळ्यावरचा ड्रोन, का पण? तुझी गोष्ट एका जिन्यावर घडते आणि तुला आकाश कशाला पाहिजे? ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला असला तरी रेड झोनमध्ये, म्हणजे उड्डाणाला मनाई असलेल्या भागात, बिनपरवान्याचा उडवता येत नाही, आधी सरकारच्या डिजिटल स्कायचा नकाशा बघावा लागतो. एसटी स्टँड, हॉस्पिटलचा कॉरिडॉर, दोन्हीकडं लोक आपापल्या काळजीत असतात, तिथं मधे मधे करू नकोस.

आणि ती बंद सूतगिरणी. तू लिहिलंयस, "वॉचमनकाका चांगले आहेत, या म्हणाले." बरोबर, ते चांगलेच असतात. आम्हीपण एकदा अशाच एका बंद कारखान्यात गेलो होतो, कुठला ते सोड, रात्रपाळीच्या मामांना दोनशे रुपये आणि वडापाव. झकास शूट झालं. दुसऱ्या रात्री उरलेले चार शॉट घ्यायला गेलो तर मामांची पाळी बदललेली, गेटवर दुसराच माणूस, त्यानं आमची नावं लिहून घेतली आणि लाइटचा स्टँड ठेवून घेतला. भाड्याचा स्टँड. आजचा वॉचमन उद्या नसतो, आणि परवानगी वॉचमन देत नसतो, मालक देतो, कागदावर.

राहिला मावशीच्या गावातला वाडा. इथं जरा थांबतो.

मे २००५. मी तेवीस वर्षांचा. मित्राच्या आत्याचा वाडा, नदीकाठचं गाव, मातीच्या भिंती दीड हात जाड, वर लाकडी माडी, आणि एक जिना असा की खालनं बघितलं तर वरचं टोक अंधारात विरघळून जायचं. आमची वीस मिनिटांची फिल्म होती. भाड्यानं आणलेला पीडी-१७० कॅमेरा, त्यात चालणाऱ्या दोन छोट्या मिनीडीव्ही कॅसेट. एक बाई कंदील घेऊन त्या जिन्यानं खाली उतरते आणि मधल्या पायरीवर थांबते, बस, एवढाच शॉट, पण सगळी फिल्म त्या पायरीवर उभी होती. पहाटे तीनला घेतला. जी काकू करत होती ती गावातलीच, कधी कॅमेऱ्यासमोर उभी न राहिलेली, आणि तिनं असं काही केलं की कॅमेरामनचा हात थरथरला. मी "कट" म्हणायचं विसरलो. सगळे खूश. सकाळी पोहे खाल्ले आणि निघालो.

घरी येऊन टीव्हीला लावून बघितलं तर फोकस मागच्या खांबावर. कॅमेरा ऑटोवर राहिला होता, कंदिलाच्या हलत्या उजेडात तो चाचपडत राहिला आणि नेमकी ती थांबली तेव्हा खांबावर जाऊन बसला. खांबाच्या भेगा मोजता येतील इतका शार्प खांब. बाई धूसर.

आत्या म्हणाली या की परत, घर आहे, पळून जाणारे होय. मी म्हणलं बघू, पुढच्या महिन्यात, कॅमेऱ्याचं भाडं जमलं की. जुलैअखेर पाणी आलं. २००५ चा पूर तुझ्या घरात विचार, कुणीही सांगेल. मातीची भिंत चार दिवस पाण्यात उभी राहिली की काय होतं ते मला तेव्हा कळलं. माडीसकट बसली. आत्या आधीच लेकीकडं गेली होती म्हणून वाचली. मी सप्टेंबरात गेलो तर मातीचा ढिगारा आणि त्यातनं वर आलेला एक लाकडी खांब. तोच होता का, माहीत नाही. माझ्या मते तोच.

ती फिल्म पूर्ण झाली नाही. मित्र म्हणाला दुसरा वाडा शोधू, दुसरा जिना शोधू. मी शोधत राहिलो. जागा शोधता शोधता लोकांना कळलं की याला जागा माहिती असतात, मग सिरियलवाल्यांचे फोन सुरू झाले, आणि हा माझा धंदा झाला. आता लाइनीत माझी चेष्टा होते की याच्याकडं चारच बंगले आहेत, कुणी काहीही मागू दे, सासर असो, माहेर असो, पोलीस स्टेशन असो, हा त्याच चार बंगल्यांतला एक दाखवतो. हो, दाखवतो! कारण त्या चार बंगल्यांच्या मालकांना मी रात्री दहाला फोन करू शकतो. त्यांच्या कुत्र्यांची नावं मला माहितीयत. सिरियल तीन वर्षं चालते, तीन वर्षांनी सासूला त्याच खिडकीत उभी करायची असते आणि खिडकी तिथं असते. याला कुणी डोकं नाही म्हणतं, कुणी धाडस नाही म्हणतं. माझा तो मित्र पण एकदा म्हणाला, तू फिल्म सोडलीस आणि पुराचं निमित्त केलंस. असेल. पण खिडकी तिथं असते.

बरं. तुझं काय करायचं.

तुमची बिल्डिंग. हसू नकोस. तुमच्या त्या राजारामपुरीतल्या तीन मजली जुन्या बिल्डिंगमध्ये जिना आहे, गच्ची आहे, पाण्याची टाकी आहे, खाली पार्किंग आहे, आणि पार्किंगच्या कोपऱ्यात मीटरची खोली. मी मागच्या गणपतीत आलो होतो तेव्हा चप्पल काढताना बघितलं. दहा-बारा मीटर रांगेनं, प्रत्येकावर एक लाल ठिपका लुकलुकतोय, प्रत्येकाचा वेग वेगळा, कुणाचा एसी चालू असेल त्याचा भराभरा आणि कुलूपबंद फ्लॅटचा मधूनच कधीतरी. आता विचार कर. जो फ्लॅट दोन वर्षं बंद आहे असं सगळे सांगतात त्याचा ठिपका भराभरा लुकलुकतोय. पोरगी तिथं उभी, फक्त त्या लाल उजेडाइतकी दिसतीय. बोलायची गरज नाही, म्युझिकची पण नाही. हे तुला अंधारबावीत मिळणार होतं?

दीड मिनिटात दीड-दोन सेकंदांचे पन्नासेक शॉट बसतील. कुठल्याच शॉटमध्ये आख्खी जागा दिसत नाही. कठड्याचा तुकडा, कडीचा तुकडा, पायाखालची फरशी. एकच जिना वरनं घेतलास तर विहीर वाटते, खालनं घेतलास तर मनोरा, दोन पायऱ्या ओल्या करून लाइट समोरनं मारलास तर तळघर. एका बिल्डिंगच्या पाच जागा चीट करता येतात, म्हणजे पाच वेगळ्या जागा भासवता येतात, आणि बघणारा मोजत बसत नाही.

पार्किंगची ट्यूब फडफडती आहे ती बदलायला सांगू नकोस कुणाला. पण कॅमेरा ऑटोवर ठेवू नकोस, फोकस नाही, एक्स्पोजर नाही, काहीच नाही, का ते वर सांगितलंय. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंदाला लॉक कर, नाहीतर पट्टे दिसतील. पाऊस दाखवायचा असेल तर दिवा पावसाच्या पाठीमागं पाहिजे, समोरनं मारलास तर पाऊस दिसतच नाही, नुसती पोरं भिजतात. आवाज पहाटे घे. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी, त्यामुळं साडेतीन-चारला जी शांतता असते ती दिवसा विकत मिळत नाही. घरातला फ्रिज बंद करशील तेव्हा गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेव, म्हणजे निघताना आठवेल, नाहीतर आईचं सगळं दूध नासेल आणि परत कधी शूट करू देणार नाही. बघ, तिथंपण तेच. परत.

आणि दुसरी जागा मामाचा ऊस. तू अकरापैकी अकरावी लिहिलीयस, कंसात प्रश्नचिन्ह टाकून. मला तीच आवडली. उसात शिरलेला माणूस दोन पावलांत नाहीसा होतो, वारं नसलं तरी पात घासल्याचा आवाज येतो, आणि जूनमध्ये सात-सव्वासातला सूर्य बुडाल्यावर निळा उजेड वीस मिनिटंच पुरतो, तेवढ्यात जे मिळेल ते घे. नाही मिळालं तर दुसऱ्या दिवशी परत त्याच बांधावर जा. मामाचं शेत आहे, कोण अडवतंय? तोडणी दिवाळीच्या पुढं. फक्त पोरीला पूर्ण बाह्यांचा शर्ट दे, पानं ब्लेडसारखी कापतात, आणि आधी मामाला बॅटरी घेऊन एक चक्कर मारायला लाव, पावसाळ्यात साप-जनावर असतं.

बिल्डिंगच्या सेक्रेटरीला पत्र दे. तोंडी नको. तारीख, वेळ, किती जण, लाइट कुठनं घेणार, खाली सही. आणि एक ओळ वाढव, "गरज पडल्यास आणखी एक दिवस." बाकी पत्र कसंही लिही, ही ओळ सोडू नकोस. ते हसतील, दीड मिनिटाला तीन दिवस म्हणून. हसू देत. चाकू-बिकू वापरणार असाल तर रहिवाशांच्या ग्रुपवर आदल्या दिवशी टाक, आणि पोलीस चौकीत एक कागद देऊन ये, खेळण्यातला असला तरी.

तुझा टीममधला तो कॅमेरावाला मुलगा नाराज होईल, त्याला पन्हाळाच पाहिजे होता हे मला मेसेजमध्ये कळलं. त्याला म्हण, याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी कॅमेराच स्वतः तयार केला होता, शंभर वर्षं होऊन गेली, तुला एक जिना मिळालाय तर कुरकुर कशाला. तरी नाहीच ऐकलं तर माझ्याकडं पाठव. नको, पाठवू नकोस, मी ओरडेन.

मावशीचा वाडा अजून उभा आहे म्हणतेस. शूटिंगला नेऊ नकोस, लांब आहे, रात्री परत येणं होत नाही. पण कधीतरी जाशील तेव्हा जिन्याचा एक फोटो काढून मला पाठव. खालनं काढ. दिवसा चालेल.

आणि ती २००५ ची कॅसेट माझ्याकडं आहे, कपाटात, इस्त्रीच्या कपड्यांखाली. चालवायला कॅमेरा नाही. तुझ्या कॉलेजच्या स्टोअरमध्ये एखादा मिनीडीव्हीचा डबा धूळ खात पडला असेल तर विचारून ठेव.