कावीळ झाल्यावर माळ घालावी, वैद्यांकडे जावे की डॉक्टरांकडे?

आपल्या धाकट्या भावाला कावीळ झाली आहे आणि ‘डॉक्टरांकडे काविळीवर औषधच नसते’ असे म्हणून घरची वडीलधारी मंडळी त्याला माळ घालणाऱ्याकडे न्यायला निघाली आहेत; अशा वेळी परंपरेचे ऐकावे की आधुनिक वैद्यकाचे, असे आपण विचारले आहे. मी तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करतो आणि दर पावसाळ्यात हाच प्रश्न माझ्यासमोर येतो.

वडीलधाऱ्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. दूषित पाण्यातून होणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई या काविळींत विषाणू मारणारे औषध आम्ही सहसा देत नाही, कारण धडधाकट तरुणाचे यकृत काही आठवड्यांत आपोआप सावरते. नेमक्या याच काळात गळ्यात माळ पडली, नाकात थेंब सोडले गेले किंवा एरंडाच्या पाल्याचा रस पोटात गेला, तर बरे होण्याचे श्रेय त्या उपायाला मिळते. माळेतील काड्या वाळून आकसल्या की त्यांच्या गाठी सैल होतात आणि माळ लांबत पोटापर्यंत येते. कावीळ उतरवण्यासाठी चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा जो ‘उतारा’ करतात, त्यातही हातांना आधी आंब्याच्या सालीचा रस लावलेला असेल, तर ते पाणी पिवळे होते, मग माणसाला कावीळ असो वा नसो.

तरीही ‘उतारा’ आणि आयुर्वेद यांना एकाच मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगाच्या अध्यायात कामलेचे, म्हणजे काविळीचे, प्रकार वेगळे केलेले आहेत आणि त्यांपैकी एकात, कफाने पित्ताचा मार्ग अडल्यामुळे, मळ वाटलेल्या तिळांसारखा पांढुरका होतो असे स्पष्ट लिहिले आहे. कफाची उपपत्ती मी स्वीकारत नाही, पण हे निरीक्षण अचूक आहे: पांढुरका मळ, गडद लघवी आणि अंगाला खाज ही लक्षणे दिसली की पित्तनलिकेत खडा किंवा गाठ अडकली असावी, या शंकेने आम्ही आजही तातडीने सोनोग्राफी करतो. पन्नाशीतले एक शेतकरी माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या गळ्यात माळ होती, दोन्ही दंडांवर खाजवल्याचे ओरखडे होते आणि स्वादुपिंडाच्या गाठीवर शस्त्रक्रिया करण्याची वेळ निघून गेली होती. ग्रंथात सांगितलेले लक्षण माळ घालणाऱ्याने विचारले असते, तरी त्यांना वेळेवर पुढे पाठवता आले असते.

वनस्पतींच्या बाबतीतही सरसकट बोलू नये, हे गुळवेलीवरून दिसते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात औषधशास्त्रज्ञ डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पित्ताचा मार्ग अडल्याने कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी, तुंबलेल्या पित्ताचा निचरा करत असतानाच, गुळवेल दिली. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या लहानशा अभ्यासात केवळ निचरा केलेल्या गटातील 40 टक्के, तर गुळवेल घेतलेल्या गटातील 92 टक्के रुग्ण वाचले. त्याच मुंबईत करोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचे डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले, आणि आयुष मंत्रालयाने ही वनस्पती गुळवेलच होती का, असा आक्षेप घेतला. कोणती वनस्पती, किती मात्रेत, कोणत्या रुग्णाला, याची नोंद नसेल तर ‘नैसर्गिक’ या शब्दावर मी विसंबणार नाही. आमची औषधेही निरुपद्रवी नाहीत. क्षयरोगाच्या गोळ्यांनी कावीळ होते आणि पॅरासिटामॉल बेताबाहेर घेतल्यास यकृत निकामी होऊ शकते. फरक इतकाच की हे धोके मोजलेले आहेत आणि रक्ततपासणीने त्यांवर लक्ष ठेवता येते.

म्हणून आपल्या भावाची आधी बिलिरुबिन (काविळीचे प्रमाण), एसजीपीटी (यकृताला झालेली इजा) आणि पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) या रक्ततपासण्या, हिपॅटायटिस बी व सी यांच्या चाचण्या आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. पावसाळ्यात ताप आणि अंगदुखीसह कावीळ आली असेल तर लेप्टोस्पायरोसिस हा उंदरांच्या मुत्राने दूषित पाण्यातून होणारा जिवाणूंचा आजारही तपासावा, कारण त्यावर प्रतिजैविक लागते. निदान ए किंवा ई निघाले आणि पीटी ठीक असेल, तर विश्रांती आणि पचेल तेवढे घरचे साधे जेवण पुरेसे असते. हळद बंद करण्याची गरज नाही, मात्र रस्त्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस टाळावा. पदवीधर वैद्यांचे औषध घ्यायचे असल्यास ते काय देत आहेत हे आपल्या डॉक्टरांना सांगावे. बिननावाची पुडी घेऊ नये. तो असंबद्ध बोलू लागला, दिवसा झोपून रात्री जागू लागला, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आले, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. घरात कोणी गरोदर असल्यास सर्वांसाठी पाणी उकळूनच वापरावे आणि तिला कावीळ दिसताच दाखल करावे, कारण शेवटच्या तिमाहीत हिपॅटायटिस ई झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे पाचांतील एक दगावू शकते.