भीतीचा सिनेमा आणि उसाचं शेत

प्रश्न : ताई, ३१ ऑक्टोबरला हॅलोविन म्हणून आम्ही मैत्रिणी रात्री भुताचा सिनेमा बघणार आहोत. कोणता बघावा?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ‘लपाछपी’च बघा. विशाल फुरियांचा, २०१७चा. पूजा सावंतची गरोदर नेहा उसाच्या शेतातल्या घरात येते आणि भुतापेक्षा तिथली माणसंच जास्त अंगावर येतात. मी तो महाल भागातल्या आमच्या जुन्या वाड्यात एकटीने बघितला. मध्येच दिवे गेले. स्वयंपाकघरातल्या माठाच्या तोटीचं टपटप ऐकूनही हातपाय गार पडले. फुरियांनीच २०२१मध्ये हिंदीत ‘छोरी’ केला, पण मराठीतली धग मला त्यात सापडली नाही. ‘तुंबाड’ मात्र मोठ्या पडद्यावरच बघा. त्यातला पाऊस मोबाईलवर वाया जातो. आणि हो, मैत्रिणींत कुणी गरोदर असेल तर ‘लपाछपी’ला तिला बसवू नका.