जुना डेस्कटॉप काढून लॅपटॉप घेताय? आधी हे बघा

दुकानात जायच्या आधी जुन्या मशीनवर सी, डी ड्राइव्ह मिळून खरंच किती जीबी भरलंय ते बघा, कारण सगळे "एक टीबी तरी पाहिजेच" म्हणतात आणि निघतात १८० जीबी, त्यातही निम्मे व्हॉट्सॲपचे गुड मॉर्निंग. तेवढ्याला ५१२ जीबीची एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारं वेगवान स्टोरेज) भरपूर झाली. विंडोजमध्ये ती ४७६च दिसेल, दुकानदाराशी भांडू नका, मोजायची पद्धत वेगळी असते.

साइझचं म्हणाल तर रोज बॅगेत न्यायचा असेल तर १४ इंची, घरीच टेबलावर राहणार असेल तर १५.६. मी हौसेने १७ इंची घेतला होता, लोकलमध्ये मांडीवर उघडला की शेजारच्याच्या पोटात कोपरा!

नवीन लोक चुकतात ते इथं:

- स्टोरेजच्या नादात रॅम (चालू कामांसाठी लागणारी मेमरी) ८ जीबीवरच अडकते. १६ घ्या, आणि आतल्या बोर्डावर सोल्डर केलेली (कायमची जोडलेली) असेल तर नंतर वाढत नाही, आधीच विचारा.
- दुसऱ्या एसएसडीसाठी रिकामा स्लॉट आहे का हे कुणी बघतच नाही.
- जुनी हार्ड डिस्क भंगारात जाते. अहो, यूएसबी केसमध्ये (यूएसबीने बाहेरून जोडायच्या डबीत) घाला, बॅकअपला चालेल.

प्रोसेसरच्या पिढ्याबिढ्या आत्ता डोक्यात घेऊ नका, दोन मॉडेल निवडलीत की सांगा, मग बघू.